वहीत नसलेले पूर्वज

नाशिकला रामकुंडावरच्या उपाध्यांच्या घरी वंशावळीच्या वह्या असतात. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, की गुरुजी नेमकी वही काढतात आणि पणजोबा कुणाच्या अस्थी घेऊन, कुणाबरोबर गंगेवर आले होते ते वाचून दाखवतात. कधी त्या पानावर पणजोबांची मोडीतली सही असते. बाहेरगावाहून आलेला माणूस त्या सहीवरून बोट फिरवतो आणि थोडा वेळ काही बोलत नाही. मला या वह्यांबद्दल फार आदर आहे. कागद, शाई आणि एकेका घराण्याची चिकाटी, एवढ्या बळावर हे सगळं टिकलं.

पण वहीत मुख्य रेघ एकच: मुलगा, त्याचा बाप, त्याचा बाप. दहा पिढ्या मागे गेलं तर हिशेबाने पूर्वजांच्या १०२४ जागा होतात, आणि ही रेघ त्यातल्या एकाच जागेवर पोचते. शरीरात तिची खूण म्हणजे वाय गुणसूत्र, ४६ पैकी एक. माणसाची जनुकं वीस हजारांच्या घरात. त्यातली या गुणसूत्रावर शंभराच्या आसपास. आजीची आई, तिची आई, त्यांनी दिलेलं बाकी सगळं वहीच्या बाहेर.

आणखी एक गोष्ट कळली तेव्हा मी चकित झालो. प्रत्येक पिढीत गुणसूत्रांचे तुकडे होऊन पुन्हा जुळतात, त्यामुळे दहा पिढ्यांमागच्या त्या पूर्वजांपैकी जवळपास निम्म्यांचा एकही तुकडा आज आपल्या अंगात नसतो. ते आपले पूर्वज खरेच, त्यांच्यावाचून आपण नसतोच, पण त्यांचं शरीर आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. ‘आमच्या रक्तातच आहे’ म्हणून ज्या दूरच्या शूर पुरुषाचं नाव घेतलं जातं, तो या निम्म्यांत असण्याची शक्यता चांगलीच मोठी.

*

लग्नाचा बायोडेटा. रास, नक्षत्र, गण, नाडी, गोत्र, आणि त्याच रांगेत रक्तगट. रक्तगट पाहिला म्हणजे शास्त्रालाही विचारलं, असं घरोघरी मानतात. एक नाडी म्हणजे एक रक्तगट, असंही कुणीतरी रुजवून दिलंय. त्याला काही आधार नाही. नवराबायको दोघंही बी पॉझिटिव्ह असली तर मुलांचं काहीही बिघडत नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर लक्ष ठेवावं लागतं, पण त्यासाठी अँटी-डीचं इंजेक्शन आहे. तेवढ्यासाठी स्थळ नाकारायचं कारण नाही.

जी तपासणी लग्नाआधी खरोखर करावी ती हिमोग्लोबिनची. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारांचा वाहक आहे का, ते त्यात कळतं. एचपीएलसी म्हणतात तिला, आणि ती सहसा आयुष्यात एकदाच करावी लागते. बायोडेटावर ती लिहिलेली मी अजून पाहिलेली नाही.

*

मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. महाराष्ट्रातल्या बऱ्याच समाजांत ही रीत आहे. इरावती कर्व्यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’मध्ये (१९५३) उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीती या पट्ट्यात कशा एकमेकींत मिसळतात ते मांडलंय. जनुकांचं गणित मात्र मामा आणि आत्या यांत फरक करत नाही. मामेबहीण असो की आतेबहीण, सरासरीने आठवा हिस्सा सारखा. गोत्र वेगळं आहे म्हणून तो कमी होत नाही.

*

आता नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण. इथून माणसं निफाड-दिंडोरीच्या बागांत छाटणीला, विरळणीला येतात. जानेवारीत निफाडचा पारा पार खाली जातो, पहाटे दव गोठतं, आणि मजूर उघड्या टेम्पोतून येतात. हातपाय, हाडं दुखतात म्हणून दोन दिवस घरी बसलेल्या मजुराला ‘अंगचोर आहे, यांच्यात असंच असतं’ म्हटलेलं मी ऐकलंय. सगळ्या दुखण्यांचं कारण एक नसतं. पण सिकलसेलच्या रुग्णाला थंडी, तहान आणि अतिश्रम या तीनच गोष्टी सगळ्यात जास्त सोसवत नाहीत. ज्याला त्याचा स्वभाव म्हटलं गेलं, तो एखाद्या वेळी त्याच्या तांबड्या पेशींचा आकार असू शकतो.

घडतं ते असं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे व्हॅलिन येतं. डीएनएमधलं एकच अक्षर बदललेलं असतं. प्राणवायू सोडून दिला की हे बदललेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांबट काड्या करतं, मऊ गोल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि तिथून पुढे रक्त जात नाही. तीच ती वेदना. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून रक्त कायमच कमी.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी या पेशींचं पहिलं वर्णन १९१० मध्ये छापलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमका बदल शोधला. एखाद्या आजाराचं मूळ रेणूपर्यंत जाऊन सापडलं ते इथे पहिल्यांदा. जनुकशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात हे प्रकरण असतंच. ते वाचताना मला दरवेळी वाटतं की या पुस्तकातला धडा सुरगाण्याच्या एसटीने जाता येईल इतका जवळ आहे.

मग इतका घातक बदल टिकला कसा? आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती बिघडलेल्या असतील तर आजार. एकच असेल तर माणूस वाहक. तो धडधाकट असतो, आणि शिवाय जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून त्याचा बराच बचाव होतो. अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत हे १९५४ मध्ये दाखवलं. जिथे मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या लहान मुलं नेली, तिथे हे अक्षर टिकून राहिलं. जंगलातल्या माणसांचं रक्त ‘खराब’ नव्हे. डासांनी भरलेल्या रानात ज्या मुलांमुळे वंश चालू राहिला, त्यांची ही ठेव आहे.

महाराष्ट्रात पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं या कामाला दिली. आदिवासी पाड्यांवर जाऊन रक्ताचे नमुने घेतले, नंदुरबारच्या धडगाव भागात उपचार पोचवले. भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओतकर या जमातींत वाहकांचं प्रमाण २० ते ३५ टक्के आहे आणि काही जमातींत ते जवळजवळ शून्य, हे त्यांच्या पाहण्यांतून पुढे आलं. म्हणजे ‘आदिवासींचा आजार’ हे नावच चुकीचं. एका जमातीत आहे, शेजारच्या जमातीत नाही. विदर्भात तो इतर अनेक समाजांत सापडतो. ग्रीसमध्ये आहे, सौदी अरेबियात आहे. तो मलेरियाच्या नकाशाने पसरलाय. आपल्या जातवारीच्या रकान्यांशी त्याला देणंघेणं नाही.

*

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत निर्मूलन. आश्रमशाळांतून मुलांची बोटं टोचली जातात, कार्डं मिळतात. हे व्हायलाच हवं होतं, फार आधी.

काळजी कार्ड घरी गेल्यावरची. वाहक मुलीचं कार्ड पाहून सोयरीक मोडते. वाहक मुलाचं कार्ड पेटीत राहतं. ‘आशाताई, पोरीला आजार निघाला का?’ या प्रश्नाला ‘नाही, ती वाहक आहे, ती आजारी नाही’ हे उत्तर पुन्हा पुन्हा, न कंटाळता द्यावं लागतं. मुलीत अर्धं आईचं आणि अर्धं बापाचं आहे, तिचं एकटीचं काही नाही, हेही.

दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन, आणि अजिबात काही नसण्याची चारात एक. यातला ‘प्रत्येक’ हा शब्द जोर देऊन सांगायला हवा. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा अर्थ लोक काढतात आणि त्यात घरं बुडतात. निसर्ग आधीच्या बाळाचा हिशेब ठेवत नाही.

शिबिरांत ‘दोन वाहकांनी लग्न करू नये’ एवढंच सांगून थांबतात. ते मला अपुरं वाटतं. ज्यांनी आधीच लग्न केलंय त्यांचं काय? गर्भाची तपासणी करता येते. मुंबईत केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत ती सोय आहे. पेठहून मुंबईला, वेळेत, दोघांची मजुरी बुडवून जायचं कसं, याचं उत्तर आरोग्य केंद्राने हातात द्यायला हवं.

*

मुंबईतल्या रक्तसंशोधनावरून आठवलं. १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा लेख आला. लेखकांत वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया, आणि त्यांच्यासोबत रक्तगटांवर काम करणारे इंग्लंडमधले शास्त्रज्ञ. मुंबईत काही माणसांचं रक्त कुठल्याच गटात बसेना. साध्या तपासणीत ते ओ दिसे, पण ओ गटाचंही रक्त त्यांना चालत नसे. त्याला आज जगभर बॉम्बे रक्तगट म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक.

यात शिकण्यासारखं खूप आहे. ए आणि बी या खुणा तांबड्या पेशीवर थेट बसत नाहीत. आधी एच नावाचा पाया लागतो, त्यावर त्या चढतात. पाया घालणारं जनुक दोन्ही प्रतींत बंद असेल तर वरचं ए किंवा बीचं जनुक शाबूत असूनही काही उमटत नाही. अशा बाईला बापाकडून बी मिळालेलं असतं, कागदावर ती ओ दिसते, नवरा ओ असतो, आणि मूल बी गटाचं जन्मतं. रक्तगटावरून बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणाऱ्यांनी हे एकच प्रकरण वाचावं. रक्तगटासारखी शाळेतल्या चौकोनात बसणारी गोष्टसुद्धा एका जनुकाने ठरत नाही. मग रागीटपणा, हुशारी, धंद्याची अक्कल यांचं एक जनुक कुठून सापडणार?

*

नाशिकच्या माणसाला हे द्राक्षांवरून चटकन समजावं. थॉम्पसन सीडलेस बियांपासून लावत नाहीत. काडी घेतात, डॉगरीजच्या खुंटावर कलम भरतात. म्हणजे निफाडपासून दिंडोरीपर्यंत थॉम्पसनची जी वेल आहे ती जनुकांनी जवळपास तीच एक वेल. तरी एका बागेचा माल युरोपला जातो आणि बांधापलीकडच्या बागेचा लोकल मार्केटला. मुळाशी कुठली माती, पाण्यात क्षार किती, एप्रिलची खरड छाटणी कधी झाली, ऑक्टोबरची गोडी छाटणी पावसात सापडली का, विरळणी किती केली, जीएचं (जिबरेलिक आम्लाचं) डिपिंग कितव्या दिवशी. बागायतदार हे सगळं पाठ सांगेल. ‘वाण चांगलं, बाग वाईट’ हे वाक्य तो सहज बोलतो. माणसांबद्दल बोलताना तोच म्हणतो, ‘वाणच तसं’.

या उदाहरणात एक खोल मुद्दा आहे. सगळी थॉम्पसन असलेल्या शिवारात दोन वेलींमधला फरक जवळजवळ सगळा मशागतीचा. उलट एकाच बागेत एकाच हाताने दहा वाणं वाढवली तर फरक जवळजवळ सगळा वाणाचा. शास्त्रज्ञ ‘उंची ८० टक्के आनुवंशिक’ म्हणतात तेव्हा तो आकडा त्या शिवाराचा असतो. एखाद्या माणसाच्या उंचीतले ८० टक्के जनुकांनी दिले आणि २० टक्के जेवणाने, असा त्याचा अर्थ नाही. शिवार बदललं की आकडा बदलतो.

आणि हो, वाण बदलतंही. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी थॉम्पसनमध्ये वेगळं निघालेलं लांब मण्याचं वाण हेरलं, ते सोनाका. तासगावच्या बोरगावात वसंतराव आर्वे यांनी निवडलं ते तास-ए-गणेश. प्रयोगशाळा नव्हती, नजर होती. बदल निसर्गाने केला; तो ओळखून, काडी जपून वाढवणारे हे शेतकरी.

*

उंचीचंच पुढे. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास छापून आला. उंचीशी संबंध असलेल्या १२,१११ जागा सापडल्या. बारा हजार! आणि एवढं करूनही युरोपीय वंशाच्या लोकांत उंचीच्या फरकाचा ४० टक्क्यांच्या आसपास उलगडा झाला, इतरांत त्याहून बराच कमी, कारण अभ्यासातले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे. दुसरीकडे दक्षिण कोरियातल्या बायकांची उंची शंभर वर्षांत वीस सेंटिमीटरने वाढली. जनुकं तीच होती. जेवण बदललं, पाणी बदललं, आजारपणं कमी झाली.

‘आदिवासी पोरं बुटकीच असतात’ असं म्हणणाऱ्याला आधी अंगणवाडीतल्या ताटात काय वाढलंय ते दाखवावं.

*

इरावती कर्वे पुन्हा. विसाच्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला ऑइगेन फिशर यांच्या हाताखाली पीएचडी करत होत्या. फिशर यांचा कयास असा की गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजू इतरांपेक्षा जास्त असमान असतात आणि ती बुद्धीची खूण आहे. बाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या. वंशाचा आणि या असमानतेचा काही संबंध निघाला नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, मार्क ज्यांच्या हातात त्यांच्या मताविरुद्ध. पुढे फिशर यांची तीच संस्था नाझींच्या वंशधोरणाच्या कामी आली. त्या वेळच्या विद्वानांपैकी फारच थोड्यांनी जे केलं ते या पंचविशीच्या आसपासच्या मराठी बाईने मोजपट्टी हातात घेऊन केलं होतं. आपण त्यांना ‘युगान्त’साठी ओळखतो ते योग्यच, पण या प्रबंधासाठीही त्यांचं नाव घ्यायला हवं.

नंतर त्यांनी स्वतःही महाराष्ट्रभर माणसं मोजली. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर त्यांनी एकाच दर्जाच्या, आपापसांतच लग्न करणाऱ्या आठ ब्राह्मण गटांची तुलना छापली. एका मूळ गटाच्या फांद्या म्हणून हे आठ गट शोभत नाहीत, असं त्यांचं मत झालं. दर्जा एक असला म्हणून मूळ एक असतं असं नाही.

*

आता पूर्ण जनुकसंच वाचता येतो, तेव्हा चित्र आणखी स्पष्ट होतंय. भारतातले मोठे मूळ प्रवाह साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत भरपूर मिसळले, आणि मग जातीतच लग्न करण्याची पद्धत घट्ट झाली. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ गटांपैकी ८१ गटांत मूळ मोजक्या पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षाही खोल निघाला. त्यातल्या १४ गटांची लोकसंख्या तर दहा लाखांवर. लोकसंख्या मोठी, पूर्वज थोडे. अशा गटात एखादं बिघडलेलं जनुक आई आणि बाप दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, नातं माहीत नसलं तरी. शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक घराने हे वाक्य दोनदा वाचावं असं मला मनापासून वाटतं.

*

आईचं पोट हाही वारसा आहे, आणि तो जनुकांत लिहिलेला नाही. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांपासून अभ्यास सुरू केला. बाळं सरासरी २.७ किलोची; इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली साडेतीन किलोची. पण वजनाच्या मानाने आपल्या बाळांत चरबी कमी नव्हती, स्नायू कमी होते. ‘लॅन्सेट’मध्ये २००४ ला याज्ञिकांचा आणि इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला: दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुढे या गावांतून असं दिसलं की आईला बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल तर मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं अधिक.

‘आमच्याकडे डायबेटीस आहेच’ असं म्हणून हात टेकतात. घराण्यात असतो, खरंय. पण आजीने गरोदरपणी काय खाल्लं, तेही घराण्यातच येतं.

*

सिकलसेलचे सगळे रुग्ण सारखे आजारी नसतात. काहींच्या रक्तात गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहतं आणि ते विळ्यांना आवर घालतं. भारतातल्या अनेक रुग्णांच्या त्या जनुकाभोवतीचा डीएनए अरब-भारतीय धाटणीचा असतो, आणि त्यांच्यात हे प्रमाण जास्त आढळतं. हायड्रॉक्सीयुरियाची गोळीही याच वाटेने मदत करते. स्वस्त आहे, पण रोज घ्यावी लागते आणि मधून मधून रक्त तपासावं लागतं. म्हणजे पेठच्या केंद्रात गोळी कधीच संपलेली नसावी.

नोव्हेंबर-डिसेंबर २०२३ मध्ये आधी ब्रिटनने आणि मग अमेरिकेने कॅसजेव्ही हा उपचार मंजूर केला. रुग्णाच्या मज्जेतल्या पेशी बाहेर काढून त्यांतला एक स्विच क्रिस्परने बंद करतात, आणि गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. अमेरिकेत तेव्हा किंमत २२ लाख डॉलर होती. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत आपल्याकडचा असा उपचार तयार करण्याचं काम चालू आहे, आणि त्याला बिरसा मुंडांचं नाव दिलंय.

उद्या तो खेड्यापाड्यांत पोचला तरी एक गोष्ट रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगावी लागेल. दुरुस्ती मज्जेतल्या पेशींत होते, बीजात होत नाही. बरा झालेला मुलगाही आपल्या प्रत्येक मुलाला तेच अक्षर देणार. त्यामुळे त्याच्या होणाऱ्या बायकोचं रक्त तेव्हाही तपासावं लागेल, आणि ते लग्न ठरण्याआधी.